गोल कड्यांचं पठार : माउंट बफेलोवर भटकंती आणि प्रस्तरारोहण

बेसाल्टच्या कड्यांवर हात बसलेल्या माणसाला कडा कुठे सुरू होतो हे सांगावं लागत नाही. पठार संपतं, धार येते आणि धारेपलीकडे सरळ दरी. ग्रॅनाइटच्या पठारावर अशी धार क्वचितच सापडते. कातळ हळूहळू वाकत जातो. दहा अंश, वीस, तीस, आणि पुढचं पाऊल कुठे पडणार हे दिसायच्या आत बुटाची पकड सुटलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट बफेलोवर चालायचं असो की दोर लावून चढायचं असो, बहुतेक अडचणींच्या मुळाशी ही गोलाईच असते. खालची बरीचशी माहिती तिच्याभोवतीच फिरते.

जागा आणि ऋतू

माउंट बफेलो मेलबर्नच्या ईशान्येला, गाडीने साधारण साडेतीन ते चार तासांवर आहे. १८९८ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. पठाराचा बराचसा भाग १३०० ते १५०० मीटर उंचीवर आहे आणि दक्षिणेकडचं हॉर्न हे सर्वोच्च टोक १७२३ मीटरवर. पायथ्याचं पोरेपंका गाव जेमतेम ३०० मीटरवर आहे. उंचीतला हा हजार मीटरचा फरक साध्या हिशेबाने सहा-सात अंश थंडी वाढवतो, वारा धरला तर त्याहून जास्त. खाली टी-शर्टवर हिंडणारी मंडळी वर गाडीतून उतरताच जॅकेट शोधू लागतात, आणि ते जॅकेट बरेचदा गाडीत आलेलंच नसतं.

इथला ग्रॅनाइट डेव्होनियन काळातला, म्हणजे जमिनीत खोलवर थंड झालेला शिलारस. वरचा भार झिजून गेल्यावर कातळ फुगला आणि त्याच्या पृष्ठभागाला समांतर अशा पापुद्र्यासारख्या भेगा पडल्या. गुळगुळीत घुमट आणि उतरते कातळपट्टे, म्हणजे स्लॅब, त्यातून घडले. उभ्या भेगांत पाणी शिरून खडक सुटा झाला, त्यातून सुळके, एकावर एक रचलेले धोंडे आणि चढाईच्या उभ्या चिरा तयार झाल्या. आडव्या पायऱ्या आणि हाताला सापडणारे खाचखळगे मात्र इथे कमी. होल्ड शोधत चढायची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी 'इथे धरायचं काय?' असा प्रश्न पडतो. याचं उत्तर दोनच गोष्टींत आहे, घर्षण आणि भेगा.

चढाईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. लेक कटानीचं कॅम्पग्राउंडही याच काळात सुरू असतं आणि जागा आधी आरक्षित करावी लागते. १९१० साली बांधलेलं दरीकाठचं शॅले, म्हणजे जुनं हॉटेल, २००७ पासून मुक्कामासाठी बंद आहे, त्यामुळे वर छपराखाली राहण्याच्या भरवशावर जाऊ नये. आमच्या मते सगळ्यात चांगला काळ मार्च आणि एप्रिलचा पूर्वार्ध. कातळ कोरडा असतो, हवा थंड असते आणि वादळं कमी असतात. बुटाचं रबर थंड कातळाला चांगलं धरतं. जानेवारीच्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर तोच बूट लोणी लावल्यासारखा सरकतो. एप्रिलला एक हिशेब मात्र ठेवावा लागतो. पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लांबचा मार्ग अर्ध्यावर असताना हे आठवून काही उपयोग नसतो.

जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जाहीर हिमहंगाम असतो. तेव्हा गाडीत चाकांच्या साखळ्या बाळगणं सक्तीचं असतं आणि हॉर्नकडे जाणारा रस्ता बर्फामुळे बंद होतो. इतर महिन्यांतही बर्फ पडू शकतो. हा दक्षिण गोलार्ध आहे, म्हणून सूर्य उत्तरेकडून जातो. उत्तरेकडे तोंड असलेला कातळ पावसानंतर लवकर वाळतो आणि दक्षिणेकडचा दिवसभर ओला राहू शकतो. भारतातून जाणाऱ्यांची इथे हमखास उलटापालट होते.

चालण्याच्या वाटा

पहिल्या दिवशी हॉर्नवर जा. वाहनतळापासून जाऊन-येऊन दीड किलोमीटर, वरच्या टप्प्याला कठडे आहेत, आणि माथ्यावरून पठाराची संपूर्ण रचना एका नजरेत येते. कुठल्या बाजूला कडे आहेत, कुठे दलदलीची कुरणं आहेत, रस्ता कुठून जातो. नकाशा उघडून पंधरा मिनिटं तिथे बसलात तर पुढचे दोन दिवस सोपे जातील. त्याखालोखाल हंप आणि कॅथीड्रलची वाट, दोनेक किलोमीटरची. कॅथीड्रल हा खिंडीतून वर उठलेला मोठा कातळ आहे. वाट त्याच्या पायथ्यापर्यंत नेते, माथ्यावर जायला दोर लागतो. हंपच्या शेवटच्या स्लॅबवर मात्र लोक नुसत्या बुटांनी जातात, आणि तिथेच गोलाईचा पहिला धडा मिळतो.

चॅलवेल गॅलरीज ही लेक कटानीजवळची वाट प्रचंड धोंड्यांच्या फटींतून जाते. मोठी सॅक पाठीवर असेल तर तिथे अडकायला होतं. लहान सॅक घ्या आणि ती हातात धरून आडवे सरका. अंडरग्राउंड रिव्हर म्हणजे धोंड्यांच्या ढिगाखालून वाहणारा ओढा. तिथे माहितगार सोबत असल्याशिवाय, हेल्मेट आणि दोन स्वतंत्र दिव्यांशिवाय आणि पावसाची शक्यता असताना शिरू नये. पाणी वाढलं की बाहेर पडायच्या फटी आधी भरतात.

पाय आणि दम यांची खरी परीक्षा बिग वॉकवर. पायथ्याच्या युरोबिन क्रीकजवळच्या सहलीच्या जागेपासून वर दरीच्या काठापर्यंत एका बाजूने सुमारे ११ किलोमीटर, चढ जवळजवळ हजार मीटर. वर जायला चार ते पाच तास धरा. वर गाडी ठेवलेली असेल तर उत्तम, नसेल तर उतरायला आणखी तीन तास आणि गुडघ्यांची तयारी हवी. खालच्या जंगलातून चढताना उन्हाळ्यात वारा लागत नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घेऊन सकाळी सातच्या आत निघावं. वाटेतल्या झऱ्यांचं पाणी उकळून किंवा गाळून घ्यायचं. वरच्या भागात उघडे कातळपट्टे लागतात. रात्री दव पडलं असेल तर उन्हं येईपर्यंत तिथे जपून.

उघड्या कातळावर चालण्याची एक पद्धत आहे. कोरड्या, स्वच्छ ग्रॅनाइटवर साध्या ट्रेकिंगच्या बुटांनी २५-३० अंशांपर्यंत निर्धास्त चालता येतं. पण उतरताना बरेच जण घाबरून मागे झुकतात, त्यामुळे वजन टाचेच्या कडेवर येतं आणि बूट सटकतो. गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवून, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकून छोटी पावलं टाका. पाय घसरण्याचं दुसरं कारण मुरूम. ग्रॅनाइट कुजला की त्यातले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे दाणे सुटे होतात आणि कातळाच्या खोलगट भागात साचतात. असा पातळ घसारा कठीण कातळावर पसरलेला असला की छर्ऱ्यांवर पाय पडल्यासारखं होतं. तो भाग टाळता येत नसेल तर बुटाने बाजूला लोटून मगच वजन द्या. तिसरं कारण काळे पट्टे. पाणी झिरपतं तिथे शेवाळ आणि दगडफूल वाढतं. कोरडं असताना ते खरखरीत लागतं, ओलं झालं की त्यावर उभंही राहता येत नाही.

आणि गोलाई. नियम सोपा आहे: ज्या कातळाचा खालचा शेवट दिसत नाही, त्यावर उतरत जायचं नाही. 'अजून दोन पावलं, मग दिसेल' या मोहात कोन पाच-पाच अंशांनी वाढत जातो. आपण जिथे थांबतो तिथून वळणंही कठीण झालेलं असतं. पाहायचंच असेल तर बाजूला चालत जाऊन, आडव्या अंतरावरून त्या उताराकडे नजर टाका. एका बाजूने पाहिलेला कडा वरून पाहिलेल्या कड्यापेक्षा खूप काही सांगतो. फोटोसाठी पाठमोरं मागे सरकणं तर इथे कुणीच करू नये.

धुकं आणि दिशा

पठारावर ढग उतरला की सगळे सुळके सारखे दिसतात. ज्या धोंड्याची खूण धरून आलात तसे आणखी दहा धोंडे भोवती उभे असतात. वाट उघड्या कातळावरून जाते तिथे पाऊलवाट उमटतच नाही. खुणेचे खांब किंवा दगडांचे रचलेले ढीग एवढाच आधार. एका खुणेपासून पुढची दिसत नसेल तर दोघांपैकी एकाने खुणेजवळ थांबावं आणि दुसऱ्याने आवाजाच्या टप्प्यात राहून पुढची शोधावी. दोघांनी एकदम निघालं की मागचीही हरवते.

डोंगरात वाट चुकली की ओढा धरून खाली उतरावं, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. बफेलोवर हे करणं जिवावर बेतेल. क्रिस्टल ब्रुक पठारावरून रमतगमत वाहतो आणि दरीच्या काठावरून थेट खाली कोसळतो. दुसरे ओढेही कड्यांवरूनच उतरतात. इथे पाणी कड्याकडे नेतं. धुक्यात सुरक्षित रेषा म्हणजे पठाराच्या मधून जाणारा डांबरी रस्ता. निघतानाच नकाशावर पाहून ठेवा की तुम्ही रस्त्याच्या कोणत्या बाजूला असाल आणि कोणती दिशा धरली तर रस्ता आडवा येईल. होकायंत्राची सुई इथे खऱ्या उत्तरेपासून साधारण १२ अंश पूर्वेकडे झुकते. एवढा फरक दुर्लक्षित केला तर एका किलोमीटरमागे दोनशे मीटर बाजूला जाल. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क उंचवट्यांवर मिळतं, खोलगट भागांत जातं. थंडीत बॅटरीही लवकर बसते, म्हणून फोन आतल्या खिशात.

कुरणांतून सरळ रेषेत जाण्याचा मोहही टाळावा. स्फॅग्नम शेवाळाच्या त्या दलदली पाणी धरून ठेवतात आणि एकदा तुडवल्या की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय तुम्ही गुडघाभर भिजता, आणि वाऱ्यात ओल्या पायांनी चालणं म्हणजे थंडी बाधायची सुरुवात. कुणी अडखळून बोलू लागलं, जॅकेटची चेन लावता येईना, थरथर थांबली तरी अंग गार, की चालणं थांबवा. वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे चढवा, खाली मॅट टाका, गोड गरम प्यायला द्या.

चढाईची भाषा आणि श्रेणी

ऑस्ट्रेलियात श्रेणी एकाच आकड्याने सांगतात. ही एवबँक पद्धत. १७ म्हणजे ढोबळमानाने अमेरिकन ५.९, आणि २० म्हणजे ५.१० च्या वरच्या टोकाला. हा आकडा काठिण्य सांगतो, पडल्यावर काय होईल ते सांगत नाही. बफेलोवरची १५ श्रेणीची स्लॅब, जिथे कातळात ठोकलेल्या दोन बोल्टांत बारा मीटर अंतर आहे, ती भरपूर कॅम (भेगेत घालून फुलणारं, पडणं अडवणारं साधन) बसणाऱ्या १९ श्रेणीच्या भेगेपेक्षा कितीतरी गंभीर असू शकते. म्हणून पहिल्या दिवशी आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा चार-पाच आकडे खाली सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. बहुतेक जण तसं करत नाहीत आणि पहिल्याच रुंद भेगेत घाम गाळतात.

स्लॅब

घर्षणावर चढताना हात संतुलनापुरते. सगळं वजन पायांवर, आणि पायांवर म्हणजे पुढच्या चवड्यावर. टाच खाली ठेवली की रबराचा जास्त भाग कातळाला लागतो. कंबर पायांच्या वर हवी. कातळाला बिलगलात तर वजन बाहेरच्या दिशेने ढकललं जातं आणि पाय सुटतो. हे कळायला सोपं आणि करायला कठीण, कारण भीती माणसाला कातळाकडे ओढते.

पाऊल टाकण्याआधी बुटाचा तळ पँटवर घासून दाणे पुसा. कातळावर डोळ्यांनी तीन गोष्टी शोधा: बशीसारखा खोलगट भाग, जिथे कोन काही अंशांनी कमी असतो, बाहेर आलेला फेल्डस्पारचा स्फटिक, आणि पाण्याने कोरलेल्या पन्हळीची कड. पाऊल एकदाच ठेवायचं, हलवायचं नाही. पावलं छोटी, वीस-पंचवीस सेंटिमीटरची. उंच पाऊल टाकलं की एक पाय जास्त वेळ एकटा भार घेतो. हाताला काही नसेल तर तळहात कमरेच्या उंचीवर टेकवून खाली दाबा. पोटरी थरथरू लागली तर टाच आणखी खाली घ्या आणि तोंडाने सावकाश श्वास सोडा.

पाय सुटलाच तर कातळाकडे तोंड ठेवून, गुडघे वाकवून, पायांवर सरकत जायचं. वळलात किंवा दोर धरायला गेलात तर गडगडत जाल. बिलेरने, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराने, लांब पडण्याच्या मार्गावर आधीच ठरवावं की मागे पळत जाऊन ढील कमी करायची की नाही, आणि मागे जागा किती आहे.

इथल्या जुन्या मार्गांवर 'कॅरट' म्हणजे गाजर बोल्ट भेटतात. साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट थोड्या लहान छिद्रात ठोकून बसवलेला, डोकं सेंटिमीटरभर बाहेर आणि हँगर, म्हणजे कडी अडकवायची पट्टी, नाही. हँगरची प्लेट तुम्ही स्वतः न्यायची. किल्लीच्या भोकासारखं छिद्र असलेली ही प्लेट बोल्टाच्या डोक्यावरून सरकवायची, खाली ओढायची आणि लगेच कॅराबिनर (झडपेची कडी) लावायचा. कॅराबिनरच्या जाडीमुळेच प्लेट परत वर सरकून निघत नाही. फार बारीक कॅराबिनर लावला तर प्लेट निसटू शकते, म्हणून प्लेटसाठी जाड कांडीचे वेगळे ठेवा. सहा ते आठ प्लेट्स छातीजवळच्या खिशात किंवा खडूच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, एका हाताने निघतील अशा. प्लेट संपल्या तर तारेच्या नटाचा (भेगेत अडकवायच्या साधनाचा) ठोकळा खाली सरकवून झालेला फास डोक्याभोवती अडकवता येतो. वेळ मारून नेण्यापुरता. गंजलेला, हलणारा किंवा जेमतेम बाहेर आलेला गाजर बोल्ट एकटा अँकर, म्हणजे दोघांना बांधून घ्यायचा आधार, म्हणून कधीच वापरू नये.

भेगा

भेगेत हात अडकवून चढणं न शिकता बफेलोवर जाण्यात फार अर्थ नाही. हाताच्या मापाची भेग, साधारण ४५ ते ६० मिलिमीटर रुंद, शिकायला सगळ्यात बरी. हात सपाट करून, अंगठा वर ठेवून आत घाला. मग अंगठा तळहातावरून करंगळीच्या मुळाकडे दुमडा. तळहात फुगतो आणि एका बाजूला बोटांची टोकं व मनगटाकडचा भाग, दुसऱ्या बाजूला हाताची पाठ घट्ट बसते. आता कोपर खाली सोडा, हात सरळ करा आणि त्यावर लटका. हात वाकवून लटकलात तर दंड पाच मिनिटांत भरून येतात. भेग एका बाजूला कललेली असेल तर वरचा हात अंगठा खाली करून घालणं सोयीचं पडतं. ३५-४५ मिलिमीटरला हात पुरता आत जात नाही, तिथे सगळ्यात जास्त ताकद लागते. ७५ ते ९५ला मूठ आडवी बसते. त्याहून रुंद असेल तर खांदा, कोपर, गुडघा सगळं आत घालून सुरवंटासारखं वर सरकायचं. बफेलोवर अशा भेगा बऱ्याच आहेत आणि त्यांचे आकडे फसवे असतात.

भार खरा पायांनीच घ्यायचा. गुडघा बाहेर काढा म्हणजे तळवा उभा होतो. बोटांचा भाग भेगेत घाला आणि गुडघा परत सरळ रेषेत आणा. पाय पिळला जाऊन अडकतो. दर वेळी २५-३० सेंटिमीटरच वर न्या. फार वर घातलेला पाय निघता निघत नाही आणि तो सोडवताना सगळी शक्ती जाते. अंगठ्यापाशी सपाट आणि किंचित ताठ बूट हवेत. वाकड्या नाकाच्या घट्ट बुटांनी भेगेत पाय ठेवणं ही शिक्षा आहे.

इथले स्फटिक जाड आणि धारदार, त्यामुळे हाताच्या पाठीची साल निघते. ३८ मिलिमीटर रुंदीची झिंक ऑक्साइड टेप लावा: हाताच्या पाठीवर दोन-तीन उभ्या पट्ट्या, बोटांच्या मुळांभोवती बारीक फास, शेवटी मनगटाला वेढा. तळहात मोकळा. टेप लावताना मूठ वळलेली ठेवा, नाहीतर मूठ आवळताच रक्त थांबतं.

सुरक्षेचं सामान बसवतानाही गोलाई आडवी येते. झिजलेल्या भेगांचं तोंड बाहेर फाकलेलं असतं आणि आतला भाग समांतर. तोंडाशी लावलेला कॅम ओढ आली की बाहेर फिरून निघतो. म्हणून खोल घाला, चारही पाकळ्या सारख्या मिटलेल्या आहेत का पाहा, आणि कॅम अर्ध्याहून थोडा जास्त मिटलेला ठेवा. पूर्ण मिटलेला परत निघत नाही, फार उघडलेला धरत नाही. दाणेदार पृष्ठभागावर पाकळीखाली सुटा स्फटिक आला तर जागा बदला. प्रत्येक कॅमला ६० सेंटिमीटरची स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास) लावा, नाहीतर दोराच्या हालचालीने कॅम आत 'चालत' जातो.

एका लांब मार्गासाठी आमची यादी अशी: नटांचा एक संच, त्यात तिरक्या मापाचे काही, १० ते ७५ मिलिमीटरपर्यंतचे कॅम, त्यात हाताच्या मापाचे दुहेरी, आणि १०० मिलिमीटरच्या वरचा एक, ६० सेंटिमीटरच्या आठ स्लिंग, १२० च्या दोन, अँकरसाठी ७ मिलिमीटरची सहा मीटर दोरी, प्रुसिकसाठी (भार आला की दोराला आवळून धरणारी गाठ) ६ मिलिमीटरचे दोन फास, बोल्ट प्लेट्स, ६० मीटरचे दोन हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक दोर). हेल्मेट दोघांनाही.

अँकर लावताना धोंड्यांचा मोह होतो. मोठा धोंडा दिसला की स्लिंग टाकली. आधी तो कशावर बसला आहे ते बघा. उतरत्या स्लॅबवर, खाली मुरूम असलेला दोन टनांचा धोंडाही आडव्या ओढीने सरकू शकतो. झाडांचंही तसंच. २००३ आणि २००६-०७च्या वणव्यांत जळालेले स्नो गम अजून उभे दिसतील, पण मेलेल्या लाकडावर भार देऊ नये, आणि त्यांच्याखाली तंबूही लावू नये. तीन ठिकाणांहून बांधलेल्या अँकरच्या दोऱ्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा.

गॉर्ज

शॅलेजवळची दरी म्हणजे गॉर्ज, आणि तिची नॉर्थ वॉल ही ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या भिंतींपैकी एक. १९६९ साली कृत्रिम चढाईने, म्हणजे लावलेल्या सामानावरच भार देत, पूर्ण झालेला ओझिमँडियस हा तिच्यावरचा प्रसिद्ध मार्ग. दुसऱ्या बाजूला १७ च्या आसपासचा 'व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड' हा अनेक टप्प्यांचा मार्ग मध्यम पातळीच्या जोड्यांना खुणावतो. आकडा सोपा वाटतो, पण उंची, पायाखालच्या पोकळीची भीती आणि रुंद भेगा मिळून दिवस पूर्ण भरतो.

गॉर्जमधल्या बऱ्याच मार्गांची गंमत उलटी आहे. गाडी वर, सुरुवात खाली. आधी उतरायचं आणि मग चढून बाहेर पडायचं. दोर ओढून घेतला की परतीचा सोपा रस्ता बंद होतो. म्हणून पहिल्यांदा जाताना एक जादा स्थिर दोर वरून लावून ठेवावा आणि दोघांकडेही जुमार (दोराला धरणारी मूठ) किंवा प्रुसिकने दोरावर चढायचा सराव असावा. सकाळी आठच्या आत उतरायला सुरुवात आणि दुपारी दोनपर्यंत अर्धा मार्ग, असं नसेल तर निर्णय घ्यायची वेळ झाली असं समजा.

रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना, इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, गोल काठामुळे खालचं ठाणं वरून दिसत नाही आणि दोराची टोकं जमिनीला लागली की नाही ते कळत नाही. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या गाठी मारा आणि उतरायच्या यंत्राखाली प्रुसिक लावा, तो यंत्राला जाऊन टेकणार नाही इतका आखूड. दुसरी, दोर ओढताना अडकणं. गोल काठावर दोराचा बराच भाग घासत असतो आणि काठालगतच्या भेगा गाठ गिळतात. जोडगाठ साध्या सपाट ओव्हरहँडची, शेपट्या किमान ३० सेंटिमीटर. पहिला उतरल्यावर त्याने दोर मीटरभर ओढून पाहावा. हलत नसेल तर शेवटचा वर असतानाच गाठ काठाच्या खाली घ्या. ओढताना भेगेच्या सरळ रेषेत उभं राहू नका, चार पावलं बाजूला सरका.

वारा आणि पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. दोराच्या झटक्यांचे इशारे आधी ठरवा किंवा छोटे वॉकीटॉकी घ्या. 'बिले काढलं' याचा इशारा चुकीचा वाचला गेला तर काय होईल याचा विचार करा आणि तो इशारा सगळ्यात वेगळा ठेवा.

वीज, साप, वणवा

उन्हाळ्यात दुपारनंतर ढग फुगतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सुळके, घुमट आणि एकटी झाडं सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढू नका. धोंड्याखालच्या उथळ कपारीत शिरणं हा आसरा नव्हे. कातळावरून वाहणारा प्रवाह कपारीच्या छतापासून तळापर्यंत उडी मारतो आणि मध्ये माणूस असतो. गाडी सगळ्यात उत्तम. नाहीतर खोलगट भागातल्या सारख्या उंचीच्या झुडपांत, एकमेकांपासून अंतर ठेवून, सॅकवर उकिडवे बसा.

तापलेल्या कातळाच्या कडेला साप ऊन खातात. टायगर आणि कॉपरहेड दोन्ही विषारी. घोट्यापर्यंत बूट आणि गेटर (पोटरीवरचं आवरण) घाला आणि दिसेल तिथेच हात-पाय ठेवा. चावल्यास जखम धुऊ नका, चिरू नका. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीची लवचिक पट्टी आधी चाव्यावर आणि मग अख्ख्या हातापायाला, मुरगळल्यावर बांधतो तेवढी घट्ट बांधा. फळीने आधार द्या, माणसाला चालवू नका.

आगीचा धोका 'कॅटास्ट्रॉफिक' जाहीर झाला की उद्यान बंद असतं. 'एक्स्ट्रीम'च्या दिवशीही पठारावर जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण वर-खाली जायला डांबरी रस्ता एकच आहे. व्हिकइमर्जन्सी या राज्याच्या आपत्ती-इशाऱ्यांच्या ॲपवर निघण्याआधी आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पाहत राहा. कुत्री आणायला बंदी आहे, परवान्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि परवानगीशिवाय नवे बोल्ट ठोकायचे नाहीत. होल्ड मोकळे करण्यासाठी तारेच्या ब्रशने दगडफूल खरवडू नका. बफेलो सॅली हा निलगिरीचा प्रकार आणि बफेलो सॅलो वॅटल हा बाभळीच्या जातीचा प्रकार जगात फक्त याच डोंगरावर आहेत, तेव्हा अँकर लावताना कशाला स्लिंग घालतो आहोत ते पाहावं.

मदतीसाठी क्रमांक ०००. नेटवर्क नसण्याची शक्यता गृहीत धरून ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) न्या. ऑस्ट्रेलियात तो नोंदवलेला असावा लागतो, आणि परदेशातून आणलेल्या बीकनची नोंदणी त्याच्या मूळ देशात झाली आहे का ते विमानात बसण्याआधी तपासा. जाताना कुठे, कोणत्या मार्गावर, किती जण आणि किती वाजेपर्यंत परत हे खाली राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या. त्या वेळेनंतर किती तासांनी ००० ला फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिहा.